‘मी तं डिलीट केलंच नाही!’ मग मेसेज गेला कुठं?



“सर, पार्टीची ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली होती, आता दिसतच नाही.” “भाऊ, मी तं डिलीट केलंच नाही, मग कोटेशन गेलं कुठं?” बॅच कोणतीही असो, भंडाऱ्याची, साकोलीची की पवनीची, हा प्रश्न येतोच. व्हिडिओमध्ये याच्यावर थोडक्यात बोललो होतो. पण हा विषय नीट समजून घेतला तर पैसा वाचतो आणि माणसांवरचा विश्वासही वाचतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. बहुतेक वेळा मेसेज कोणी चोरलेला नसतो आणि फोनही बिघडलेला नसतो. मेसेजची मुदत संपलेली असते. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते, मेसेजवर ती दिसत नाही, एवढाच फरक. जुने मेसेज आपोआप काढून टाकायचा नियम कुठंतरी बसलेला असतो. तो तुम्ही लावला असेल, समोरच्यानं लावला असेल, नाहीतर ॲपमध्ये आधीपासूनच असेल. आणि कधीकधी नियम बरोबर असतो, पण त्याला मिळणारी तारीखच चुकीची असते. हा शेवटचा प्रकार सगळ्यात त्रासदायक. तोच आधी बघू.

मुनीमजींवर आलेला संशय

तुमसर भागातली एक छोटी राईस मिल. नाव सांगत नाही. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर. नेट कधी येतं, कधी जातं, म्हणून मेलचा असा प्रोग्राम टाकलेला, जो सगळे मेल खाली उतरवून ठेवतो. नेट नसलं तरी वाचता येतं, उत्तर लिहिता येतं. लिहिलेला मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि नेट आलं की निघून जातो. सोय चांगली होती.

मग दोन महिन्यांत तीन व्यापाऱ्यांनी एकच सांगितलं, “तुमचा भाव आलाच नाही, आम्ही दुसरीकडून माल घेतला.” मुनीमजी म्हणाले, “मी पाठवला.” मालकानं ‘पाठवलेले’ हा फोल्डर उघडला, तर तिथं ते मेल नव्हते. त्याच दिवसाचे बाकीचे मेल मात्र जागेवर. आता मालकानं काय समजायचं? वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसावर संशय आला. हातच्या तीन ऑर्डरी गेल्या होत्या, वर ऑफिसातलं वातावरण बिघडलं.

मला बोलावलं तेव्हा आम्ही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कागद घेतला. दोन रकाने पाडले, काय गेलं आणि काय राहिलं. त्यातून तीन गोष्टी दिसल्या:

- बाहेरून आलेला एकही मेल गेलेला नव्हता. गेले ते फक्त इथून पाठवलेले.
- पाठवलेल्यांपैकीही सगळे नाही, मोजकेच.
- मुनीमजींच्या डायरीत प्रत्येक भावाची वेळ लिहिलेली होती. हरवलेले मेल लाईट जाऊन आल्यानंतरच्या थोड्या वेळातले होते.

मग सेटिंग उघडली. डिस्क भरू नये म्हणून कोणीतरी नियम लावलेला होता: ३६५ दिवसांपेक्षा जुने मेल काढून टाक. पण हरवलेले मेल तर दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे! म्हणजे नियम निर्दोष वाटतो. एक साधा टेस्ट मेल पाठवून बघितला, तो दुसऱ्या दिवशीही जागेवरच होता. इथं बरेच लोक थांबतात आणि म्हणतात, “बघा, प्रोग्राम ठीक आहे, माणूसच खोटं बोलतोय.”

आम्ही थांबलो नाही. मेल ज्या परिस्थितीत हरवले होते, तीच परिस्थिती पुन्हा तयार केली. कॉम्प्युटर बंद केला, मेन स्विच बंद करून ठेवला. मग पुन्हा चालू करून, नेट यायच्या आधी एक टेस्ट मेल लिहिला आणि ‘नंतर पाठवा’ दाबलं. नेट आलं, मेल गेला. ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये बघितलं तर मेलवर तारीख १ जानेवारी २०१५! प्रोग्राम बंद करून परत उघडला, मेल गायब.

सापडलं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी एक बटन सेल असतो. तो संपला होता. लाईट गेली की घड्याळ जुन्या तारखेवर जायचं. नेट आलं की ते आपोआप बरोबर व्हायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण मधल्या वेळात लिहिलेल्या मेलवर २०१५ चा शिक्का बसायचा. घड्याळ सुधारल्यावर सफाईचा नियम बघायचा, “अरे, हा मेल तर कित्येक वर्षं जुना!” आणि काढून टाकायचा. नियमानं आपलं काम चोख केलं होतं.

बरं, व्यापाऱ्यांना भाव का दिसला नाही? मेल पोचला होता. पण काही मेल प्रोग्राम पाठवणाऱ्याच्या तारखेनुसार यादी लावतात. आपला भाव त्यांच्याकडे पार तळाशी, २०१५ च्या मेलमध्ये जाऊन बसला होता. एका व्यापाऱ्याला फोन करून शोधायला लावलं, तिथंच सापडला. मुनीमजी खरं बोलत होते.

दुरुस्ती काय केली? शंभर रुपयांच्या आतला सेल बदलला. ‘पाठवलेले’ फोल्डरवरचा सफाईचा नियम काढला. लाईट जाऊन आल्यावर आधी तारीख बघायची, मग मेल लिहायचा, असा कागद कॉम्प्युटरवर चिकटवला.

हा घोळ आजचा नाही

तुम्हाला वाटेल, ही आपल्याकडच्या लाईटची कहाणी आहे. तसं नाही. नियम आणि तारीख यांचं भांडण फार जुनं आहे.

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी युजनेटची कल्पना काढली. गावातल्या फलकासारखे विषयवार गट, त्यात लोकांनी लिहायचं, आणि एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला फोनलाईनवरून ते पोचवायचं. साठवायची जागा तेव्हा कमी आणि महाग. सगळं कायमचं ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून जुने लेख ठरावीक दिवसांनी काढायची पद्धत आली. लेखावर लिहिणाऱ्यानं स्वतःच मुदतीची तारीख टाकायची सोयही नियमात होती.

पुढं डायल-अपचा काळ आला. आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सुरू केलं. फोनलाईन अडकलेली, मीटर पळतंय. त्यामुळं लोक ऑफलाईन न्यूजरीडर वापरायचे. नेट जोडा, सगळे नवे लेख उतरवा, नेट तोडा, मग निवांत वाचा. म्हणजे त्या राईस मिलचीच पद्धत! उतरवलेले लेख साठत जाणार, म्हणून जुने काढायचा नियम इथंही आलाच. आणि नियम आला की घोळही आला. दोन खरे किस्से सांगतो.

लीफनोड नावाचा एक छोटा न्यूज सर्व्हर आहे, कमी वाचक असलेल्या जागांसाठी बनवलेला. जुने लेख काढताना तो एक हुशारी करतो, लेख शेवटचा कधी वाचला गेला हे बघतो. लोक वाचताहेत ते ठेव, कोणी बघत नाही ते काढ. कल्पना छान. पण बॅकअपचा प्रोग्राम रात्री सगळ्या फाईली उघडून गेला तर? लीफनोडला वाटणार, सगळं काल रात्रीच वाचलंय! मग काहीच निघत नाही आणि डिस्क भरत जाते. म्हणून वाचण्याची वेळ न बघता जुनं काढायचा वेगळा पर्यायही त्यात दिलेला आहे.

दुसरा किस्सा ९ सप्टेंबर २००१ चा. बरेच कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. त्या रविवारी आपल्याकडे सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंदांनी हा आकडा शंभर कोटींवर गेला. नऊ अंकी संख्या दहा अंकी झाली. केनोड हा न्यूजरीडर आणि केमेल हा मेलचा प्रोग्राम, दोघंही चकले. वेळ संख्या म्हणून न बघता अक्षरं म्हणून बघितली, की ‘१’ नं सुरू होणारं ‘९’ नं सुरू होणाऱ्याच्या आधी येतं. मग नवे लेख जुन्यांच्याही आधी लागायला लागले. नुकसान मोठं नव्हतं, दुरुस्तीही लवकर झाली. पण धडा मोठा आहे.

हसू नका, हीच चूक आपल्या दुकानांत रोज होते. एक्सेलमध्ये ‘बिल-९’ आणि ‘बिल-१०’ लिहा आणि क्रम लावा. ‘बिल-१०’ आधी येईल! उपाय सोपा, पहिल्यापासून ‘बिल-०००९’, ‘बिल-००१०’ असं लिहायचं. फाईलच्या नावात तारीख टाकायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ०५-०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हा वाद तिथंच संपतो.

मेसेज हरवला तर शोधायचा कसा?

आता ही पद्धत लिहून घ्या. मोबाईल असो, मेल असो, बिलिंग सॉफ्टवेअर असो, पायऱ्या याच.

१. आधी हात आवरा. ॲप काढून परत टाकू नका, ‘क्लीन’ करणारं ॲप चालवू नका. आहे तो पुरावाही निघून जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या.

२. काय गेलं आणि काय राहिलं, दोन्ही लिहा. आपण फक्त हरवलेल्याचं रडगाणं गातो. उत्तर बरेचदा राहिलेल्यात असतं. एकाच ग्राहकाचे गेले? फक्त फोटो गेले? फक्त जुने गेले? स्टार केलेले राहिले?

३. घड्याळ बघा. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीची तारीख, वेळ आणि वर्ष. वर्ष आवर्जून बघा, तिथं कोणी बघत नाही.

४. नियम शोधा, एकाच जागी थांबू नका. नियम तीन मजल्यांवर असू शकतो: पूर्ण खात्यावर, एका फोल्डरवर किंवा चॅटवर, आणि सर्व्हरवर. थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्राममध्ये खात्याला एक मुदत देता येते आणि फोल्डरला वेगळी. खात्यावर ‘काहीच काढू नका’ असलं तरी फोल्डरचा स्वतःचा नियम असेल तर तोच चालतो.

५. तीच परिस्थिती तयार करून टेस्ट करा. बिनकामाचा मेसेज घ्या, खरी ऑर्डर नको. लाईट गेल्यावर हरवतं तर लाईट घालवूनच बघा.

६. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार सेटिंग एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

आणि सातवी गोष्ट, माणसावर संशय सगळ्यात शेवटी. आधी सहा पायऱ्या करा, मग बोला. नोकरावर, भावावर, बायकोवर एकदा टाकलेला संशय मेसेज सापडला म्हणून परत घेता येत नाही.

तुमच्या फोनमध्ये मुदत कुठं कुठं लपलेली आहे?

व्हॉट्सॲप: आपोआप नाहीसे होणारे मेसेज २०२० च्या शेवटी आले. मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. इथं गोम काय, दोघांच्या चॅटमध्ये ही सेटिंग दोघांपैकी कोणीही चालू करू शकतो. म्हणजे ग्राहकानं चालू केली तर तुमच्या फोनमधूनही त्याची ऑर्डर जाणार. चॅटमध्ये तशी बारीक सूचना येते, पण घाईत कोण वाचतं? आमच्या बॅचमधल्या कोसा साड्या विकणाऱ्या एका ताईंचं हेच झालं होतं. ग्राहकानं ७ दिवस ठेवले होते, आणि साडी विणून व्हायला लागतात त्याहून जास्त. रंग, काठ, ठरलेली किंमत, सगळं उडालं. सेटिंग चालू करायच्या आधीचे मेसेज जात नाहीत, म्हणून जुनं दिसत होतं आणि नवं नाही. वरच्या यादीतली दुसरी पायरी आठवली ना?

असा मेसेज ठेवायचा असेल तर त्याच्यावर बोट दाबून ‘ठेवा’ करता येतं. पण पाठवणाऱ्याला ते कळतं आणि तो नाही म्हणू शकतो. त्यामुळं भरवसा त्याच्यावर नको. अजून एक: तुमचा फोन बंद असताना आलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच थांबतो. दुरुस्तीला टाकलेला फोन महिन्याच्या आत सुरू करा.

जीमेल: कचरापेटीत आणि स्पॅममध्ये गेलेला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो. सरकारी किंवा बँकेचा मेल स्पॅममध्ये पडला असेल तर तुमच्याकडे एवढाच वेळ. आठवड्यातून एकदा स्पॅम उघडून बघाच. आणि फुकट जागा १५ जीबी, तीत मेल, ड्राईव्ह, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी कळतं की तो कधीपासून झालाच नाही.

कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्राम: मेल खाली उतरवल्यावर सर्व्हरवरची प्रत ठेवायची की काढायची, हा पर्याय असतो. ‘काढा’ असेल तर तुमची हार्डडिस्क ही एकमेव प्रत. ती गेली की सगळं गेलं.

एसएमएस: गुगलच्या मेसेज ॲपमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप काढायची सोय आहे. ही चांगली गोष्ट आहे, चालू ठेवा. सगळीच मुदत वाईट नसते.

जपून का ठेवायचं?

कारण कायद्याची मुदत ॲपच्या मुदतीपेक्षा खूप मोठी आहे. जीएसटी नोंदणी असेल तर हिशोब आणि कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. उदाहरण घ्या. २०२३-२४ चं वार्षिक विवरण भरायची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. कुठं ७ दिवस आणि कुठं सहा वर्षं!

दुसरं, अडकलेला पैसा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात तरतूद आहे. माल घेणाऱ्यानं ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. ही सोय उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला नाही. पण ते मागायला हातात काय लागतं? ऑर्डर, डिलिव्हरी, बिल. ऑर्डर जर २४ तासांत उडणाऱ्या चॅटमध्ये असेल, तर दाखवणार काय?

प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायची तरतूद आहे. नुसता स्क्रीनशॉट पुरेल असं धरून चालू नका. मूळ मेसेज, मूळ मेल जपा आणि पुढचं वकिलांना विचारा.

आजचं काम: अर्धा तास

वाचून झालं की लगेच करा, उद्यावर ढकलू नका.

- व्हॉट्सॲपमधल्या पहिल्या दहा ग्राहकांच्या चॅट उघडा. नाहीसे होणारे मेसेज चालू आहेत का बघा. असतील तर ग्राहकाला सरळ सांगा, “दादा, ऑर्डरचा हिशोब ठेवायचा आहे, आपल्या चॅटमध्ये हे बंद ठेवतो.” कोणी नाही म्हणत नाही.
- ऑर्डर आली की त्याच दिवशी वहीत उतरवा. तारीख, नाव, माल, नग, भाव, आगाऊ रक्कम. वहीची मुदत संपत नाही.
- मोठी ऑर्डर असेल तर ग्राहकाला मेलनं पक्की करून पाठवा. दोघांकडे प्रत राहते.
- कॉम्प्युटर रात्रभर मेन स्विचपासून बंद ठेवा, सकाळी तारीख बघा. चुकली असेल तर सेल बदला.
- ‘पाठवलेले’ आणि ‘ऑर्डर’ या दोन फोल्डरवर कोणताही सफाईचा नियम ठेवू नका. सफाई करायचीच तर जाहिरातींच्या मेलवर करा.
- महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि तो पेनड्राईव्ह दुकानात न ठेवता घरी ठेवा. प्रत घेतली की तिच्यातली एक फाईल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

धंद्यात मेसेज म्हणजे शब्द, आणि शब्द म्हणजे उधारी, भाव, वायदा. तो किती दिवस टिकावा हे तुम्ही ठरवा, ॲपला ठरवू देऊ नका. सेटिंग बघताना काही अडलं तर तुमच्या फोनचं मॉडेल आणि काय गेलं-काय राहिलं ही यादी, दोन्ही लिहून विचारा. यादी नसेल तर मी आधी यादीच मागणार आहे, हे लक्षात ठेवा!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा जपा, नोंद जपा.